युद्ध, छावणी आणि मुलींची पाळी : नुसते पॅड पाठवून भागते का?

नोंदवही

नमस्कार. आम्ही बारा-तेरा मैत्रिणी दर सहा महिन्यांनी थोडी थोडी रक्कम बाजूला काढतो आणि आपसांत विचार करून ती एखाद्या कामाला देतो. या खेपेस ती युद्धामुळे घर सोडावे लागलेल्या मुलींच्या मासिक पाळीच्या सोयीसाठी द्यावी, असे एकमताने ठरले. नेमके काय द्यायचे यावर मात्र आमचा वाद मिटत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

माझे वाचन गाझापासून सुरू झाले. तिथे पाळी येण्याच्या वयाच्या सुमारे ६ लाख ९० हजार मुली व स्त्रिया आहेत आणि त्यांना दरमहा १ कोटीहून अधिक पॅड लागतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज होता. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिथली सरासरी परिस्थिती सांगितली होती, ती अशी : २२० माणसांमागे एक शौचालय आणि ४,५०० माणसांमागे अंघोळीची एक जागा. त्याच महिन्यात युनिसेफने सांगितले की, दक्षिणेकडे नुकत्याच पळून आलेल्या मुलांच्या वाट्याला दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी येत आहे. हे पाणी प्यायला, स्वयंपाकाला आणि धुण्याला मिळून आहे.

हे आकडे वाचण्यापूर्वी माझा हिशेब सरळ होता : पॅड नाहीत, तर पॅड द्यावेत. आता तो सरळ वाटत नाही. तेरा वर्षांची एक मुलगी आई, आजी, भाऊ, काका आणि काकांची मुले अशा आठ-दहा माणसांसोबत एका तंबूत राहते आहे, असे डोळ्यांपुढे आणून पाहा. तिला पॅड मिळाला. तो बदलायचा कुठे? हात धुवायचे कशाने? वापरलेला पॅड दिवसभर ठेवायचा कुठे आणि शेवटी टाकायचा कुठे? ज्यांनी छावण्यांमध्ये काम केले आहे किंवा जे स्वतः अशा परिस्थितीतून गेले आहेत, त्यांनी कृपया लिहावे. आम्हाला रक्कम द्यायचीच आहे. ती वाया जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

---

रानजाई

विषय मांडल्याबद्दल मनापासून आभार. युद्धाच्या बातम्यांत मृतांचा आकडा येतो, जखमींचा येतो, पण त्या चार-पाच दिवसांचे कोणी बोलत नाही. वाचते आहे.

---

मोकळीवाट

राग मानू नये, पण मला वेगळे मत मांडायचे आहे. जिथे अन्नाअभावी मुले दगावत आहेत, तिथे मदतीच्या ट्रकमधली प्रत्येक हातभर जागा पीठ, औषधे आणि पाणी शुद्ध करण्याची साधने यांसाठीच वापरली पाहिजे. पाळीची गैरसोय मी नाकारत नाही. तथापि गैरसोय आणि जिवावरचे संकट यांत फरक करावाच लागतो. युद्ध नसलेल्या कितीतरी ठिकाणी आजही जुन्या कापडावर दिवस काढले जातात. तुमची रक्कम मर्यादित असेल, तर ती अन्नाला द्यावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

---

रानजाई

मोकळीवाट, कापडावर दिवस काढायला आधी कापड लागते, ते धुवायला पाणी लागते आणि वाळवायला जागा लागते. नोंदवहीताईंनी वर दीड लिटर पाणी लिहिले आहे, ते आपण पुन्हा एकदा वाचावे.

---

पाणवठा

माझे काम पाणी आणि शौचालये यांच्या उभारणीचे आहे. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले, तेव्हा कॉक्स बझारच्या टेकड्यांवर मी काही महिने काम केले. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम आकडे. मदतकार्यात ‘स्फिअर’ नावाची किमान मानके पाळली जातात. त्यांच्या २०१८ च्या आवृत्तीत पाळीच्या साहित्यावर स्वतंत्र मानक आहे. प्रत्येक मुलीला वा स्त्रीला तिच्या पसंतीप्रमाणे दरमहा १५ वापरून टाकायचे पॅड, किंवा वर्षाला ६ धुऊन वापरायचे पॅड, किंवा वर्षाला ४ चौरस मीटर शोषक सुती कापड द्यावे. शिवाय वर्षाला ६ चड्ड्या आणि नेहमीच्या साबणाव्यतिरिक्त महिन्याला २५० ग्रॅम साबण द्यावा, असे ते सांगते. धाग्यात दिलेल्या ६ लाख ९० हजारांना १५ ने गुणले, तर १ कोटी ३ लाख ५० हजार येतात. म्हणजे तो मोठा वाटणारा आकडा चैनीचा नसून किमान मानकाचाच आहे. पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर असावे, शौचालय राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत असावे, सुरुवातीच्या धामधुमीत ५० माणसांमागे एक आणि पुढे २० माणसांमागे एक असावे, आणि सार्वजनिक ठिकाणी पुरुषांच्या एका शौचालयामागे स्त्रियांची तीन असावीत, हेही त्याच मानकांत आहे.

आता आमची चूक सांगतो. आम्ही एका उतारावर स्त्रियांसाठी चार शौचालये आणि दोन न्हाणीघरे बांधली. बांबूचा सांगाडा, ताडपत्रीच्या भिंती, सिमेंटची फरशी, उत्तम निचरा. कागदावर सर्व काही बरोबर होते. तीन आठवडे ती न्हाणीघरे कोरडी राहिली. आमच्यातल्या एका सहकारी बाईंनी मुलींशी बोलून कारण काढले. दारे ज्या बाजूला उघडत, त्याच बाजूने पुरुषांची हातपंपाची रांग लागत असे. आत जाणारी मुलगी किती वेळ आत राहिली, किती पाणी घेऊन गेली आणि बाहेर येताना तिच्या हातात काय होते, हे सगळ्या रांगेला दिसत होते. कडी बाहेरून होती, आतून नव्हती. ताडपत्री जमिनीपासून वीतभर वर राहिली होती आणि धुतलेले पाणी त्या फटीतून उघड्या नाल्यात जात होते. पाण्याचा लालसर रंग नाल्यात दिसतो म्हणून मुली तिथे कापड धूतच नव्हत्या. झोपडीच्या कोपऱ्यात प्लास्टिक अंथरून रात्री धूत होत्या.

आम्ही दारे फिरवली, आतून कडी लावली, ताडपत्री जमिनीत पुरली आणि निचऱ्याचे पाणी झाकलेल्या शोषखड्ड्यात सोडले. आत एक खुंटी ठोकली, कारण अंगावरचा कपडा आणि पाळीच्या कापडाची स्वच्छ घडी ठेवायला कोरडी जागा नसेल, तर दोन हातांनी काय काय सांभाळायचे? ती खुंटी सुचवली होती चौदा वर्षांच्या एका मुलीने. आमच्या आराखड्यात ती नव्हती.

---

मोकळीवाट

पाणवठा, आपला प्रतिसाद मोलाचा आहे. माझा मुद्दा ट्रकमधल्या जागेचा होता, तो मात्र तसाच राहतो. दरमहा एक कोटी पॅड म्हणजे किती ट्रक?

---

पाणवठा

प्रश्न योग्य आहे. पॅड वजनाने हलके, पण जागा खाणारे असतात; ट्रक वजनाने भरण्याच्या आधी आकाराने भरतो. महिन्याला १५ प्रमाणे एका मुलीचे वर्षाचे १८० पॅड होतात, त्यांच्या जागी धुऊन वापरायचे ६ पुरतात. जागेचा विचार केला, तर दुसरा पर्याय केव्हाही सरस ठरतो. परंतु धुऊन वापरायची घडी दोन-तीन पाण्यांतून काढावी लागते. दीड लिटरमध्ये माणसाने तहान भागवावी की घडी धुवावी? म्हणून माझा नियम सोपा आहे. पाणी तुटपुंजे असेल आणि माणसे सारखी हलत असतील, तिथे वापरून टाकायचे पॅड. पाणी आहे, मुक्काम लांबणार आहे आणि कचरा उचलला जात नाही, तिथे कापडी. मधल्या परिस्थितीत दोन्ही ठेवावेत आणि मुलींना निवडू द्यावे.

---

उत्तररात्र

मी इथे क्वचित लिहिते. हा धागा दोन दिवस उघडून बंद केला, आज लिहिते आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा आम्ही कुवेतमध्ये होतो. मी बारा वर्षांची होते. वडिलांनी काही आठवडे वाट पाहिली आणि मग आम्ही बसने बसरा, बगदाद असा प्रवास करत जॉर्डनच्या सीमेवर पोहोचलो. इराकची चौकी मागे आणि जॉर्डनची पुढे, अशा मधल्या वाळवंटात हजारो माणसे अडकली होती : भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो. पांढऱ्या तंबूंच्या रांगा होत्या. दिवसा आत बसवत नसे आणि रात्री वाऱ्याबरोबर वाळू आत येई. पाण्याचा टँकर आला की माणसे धावत सुटत. आम्ही तिथे नऊ दिवस होतो.

तिसऱ्या दिवशी मला पहिली पाळी आली. मला त्याविषयी काहीही ठाऊक नव्हते. आई ‘पुढच्या वर्षी सांगू’ म्हणून थांबली होती, असे तिने मला नंतर सांगितले. मला वाटले की, बसच्या प्रवासात आत काहीतरी फाटले. मी ते दुपारपर्यंत कोणाला बोलले नाही, कारण आजारी माणसाला विमानात घेत नाहीत, असे छावणीत कोणीतरी म्हणताना मी ऐकले होते. माझ्यामुळे सगळे अडकतील, या भीतीने मी पोट धरून बसून राहिले.

आईच्या लक्षात आले, तेव्हा तिने काही विचारले नाही. तिने स्वतःच्या सुती परकराचा खालचा घेर फाडला. तो फाडण्याचा आवाज मला अजून आठवतो, कारण शेजारच्या तंबूतली माणसे तो ऐकतील म्हणून ती एकेक इंच फाडत होती आणि मध्ये थांबत होती. त्याच्या पाच घड्या झाल्या. बांधायला काही नव्हते. वडिलांच्या पायजम्याची नाडी काढून तिने माझ्या कमरेला बांधली आणि पुढून-मागून घडी त्यात खोचली.

संडास म्हणजे खणलेले चर होते आणि भोवती फडफडणारे गोणपाट. दिवसा तिथे जाणे मला शक्य नव्हते. म्हणून मी पाणी पिणे सोडले. त्या उन्हात दोन दिवस मी जेमतेम ओठ ओले केले आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले.

आमच्या तंबूमागे श्रीलंकेच्या सहा-सात बायका होत्या, कुवेतमध्ये घरकाम करणाऱ्या. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना येत नव्हती. मी पडले, तेव्हा त्यांतली एक धावत आली, तिने माझ्या कपड्याकडे पाहिले आणि ती काही न बोलता परत गेली. संध्याकाळी अंधारताना त्या सगळ्या आल्या. चौघींनी चार करड्या ब्लँकेटची टोके धरून माझ्याभोवती उभे कडे केले आणि तोंडे बाहेर फिरवली. आत मी, आई आणि दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात अर्धा डबा पाणी. नऊ दिवसांत मला तेवढीच भिंत मिळाली. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या येत. त्यांच्यातल्या एकीला पाळी आली, तेव्हा ब्लँकेटचे टोक मी धरले.

घड्या वाळवायला जागा नव्हती. आई त्या तंबूच्या आत, दोरीवर, टॉवेलच्या खाली घालत असे. त्या ओलसरच राहत. वाळूचे कण चिकटत. मांड्या सोलवटून निघाल्या होत्या.

मोकळीवाट, आपण चांगल्या हेतूनेच लिहिले आहे, हे मला समजते. परंतु मी चक्कर येऊन पडले, ती पाणी नव्हते म्हणून नव्हे. पाणी होते, थोडे का असेना. मी ते पीत नव्हते, कारण मला आडोसा नव्हता. आपण ज्याला गैरसोय म्हणता, ती जिवावरच्या संकटापर्यंत अशी पोहोचते.

---

रानजाई

उत्तररात्रताई, काय लिहावे ते सुचत नाही. तुमच्या आईंना आणि त्या चौघींना नमस्कार.

---

मोकळीवाट

उत्तररात्र, मी ‘गैरसोय’ हा शब्द मागे घेतो. पाणी पिणे सोडण्याचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. अन्न आधी, हे माझे मत अजून आहे. पण या दोन गोष्टी मी समजत होतो तितक्या वेगळ्या नाहीत, हे मान्य करतो.

---

शुश्रूषा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. उत्तररात्र यांनी सांगितलेली गोष्ट, म्हणजे शौचालयाला जावे लागू नये म्हणून पाणी आणि अन्न कमी करणे, ही विस्थापित मुलींमध्ये वारंवार दिसणारी सवय आहे. त्यातून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, आणि उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी होऊन प्रसंग गंभीर होऊ शकतो.

आणखी काही वैद्यकीय बाबी मांडते. गाझात काही स्त्रिया पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेत असल्याच्या बातम्या युद्धाच्या पहिल्याच महिन्यात आल्या होत्या. हे औषध सामान्यतः पाळी अपेक्षित असण्याच्या तीन दिवस आधीपासून, ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, असे देतात आणि ते थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ते काही दिवसांपुरते पाळी लांबवण्याचे औषध आहे. त्यावर महिनेच्या महिने काढता येत नाहीत. मध्येच गोळ्या संपल्या किंवा वेळा चुकल्या, तर अवेळी आणि अनियमित रक्तस्राव सुरू होतो, म्हणजे ज्यापासून वाचायचे तेच अनपेक्षितपणे पुढे येते. रक्तवाहिनीत गुठळी झाल्याचा इतिहास असलेल्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रीने ते घेऊ नये. तरीही त्या स्त्रियांनी ते का घेतले असेल, हे मला पूर्ण कळते, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

दुसरी बाब उलट दिशेची आहे. उपासमार आणि तीव्र मानसिक ताण यांमुळे पाळी बंदही पडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन डॉक्टरांनी याला ‘युद्धजन्य अनार्तव’ अशा अर्थाचे नाव दिले होते, आणि १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या दुष्काळातही ते मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले. पोटभर अन्न मिळू लागले की बहुतेकींची पाळी परत येते. परंतु हे कोणी समजावून सांगितलेले नसेल, तर ती मुलगी काय काय विचार करत असेल? आपल्याला आता कधीच मूल होणार नाही, असे तिला वाटते. आणि युद्धात जिच्यावर अत्याचार झाला आहे, तिच्यासाठी न आलेली पाळी म्हणजे रोजची धास्ती असते. अशा मुलीला डॉक्टरकडे नेणारी विश्वासातली बाई छावणीत असणे, हे मला पॅडइतकेच आवश्यक वाटते.

तिसरी बाब रक्तक्षयाची. जगातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ३० टक्के स्त्रियांना एरवीही रक्तक्षय आहे. त्यात अन्न अपुरे आणि रक्तस्राव चालू, म्हणजे लोहाची तूट वाढतच जाते. मोकळीवाट, आपण म्हणता ते अन्न आणि ही पाळी शरीरात एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते असे.

---

आभाळमाया

पाळीचे कप, म्हणजे योनीत ठेवून रक्त साठवणारे आणि धुऊन पुन्हा वापरायचे कप, का पाठवू नयेत? एक कप दहा वर्षांपर्यंत टिकतो. कचरा नाही, ट्रकमध्ये जागा नाही, वाळवण्याची दोरी नाही. मी स्वतः सहा वर्षे वापरते आहे आणि मला तो अतिशय सोयीचा वाटतो.

---

शुश्रूषा

आभाळमाया, कप चांगलाच आहे आणि मी अनेकींना तो सुचवते. पण प्रत्येक पाळीच्या आधी-नंतर तो काही मिनिटे उकळावा लागतो, आणि घालण्या-काढण्याआधी हात स्वच्छ धुवावे लागतात. जळण शोधायला ज्यांना कित्येक मैल चालावे लागते, त्यांनी एकुलत्या एका पातेल्यात, सगळ्या कुटुंबासमोर कप उकळावा, ही अपेक्षा अवघड आहे. शिवाय बारा-तेरा वर्षांची घाबरलेली मुलगी पहिल्याच पाळीत अंधाऱ्या संडासात कप वापरायला शिकेल, असे मला वाटत नाही. युगांडातल्या निर्वासित वस्त्यांमध्ये कप देऊन पाहिले गेले आहेत. पण तिथे मुक्काम वर्षानुवर्षांचा असतो, आणि शिकवायला व शंका विचारायला कोणीतरी हाताशी असते. ज्यांना हवा, त्यांना तो जरूर मिळावा. घर सोडून पळणाऱ्या मुलीच्या हाती मात्र तो पहिल्या दिवशी देऊ नये.

---

आभाळमाया

पटले. उकळण्याचा मुद्दा मी माझ्या स्वयंपाकघरात बसून विसरले होते.

---

पाऊलखुणा

मी पुरुष आहे, त्यामुळे जपून लिहितो. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनमधून माणसे पोलंडमध्ये येऊ लागली, तेव्हा मी पोलंडमध्ये नोकरीला होतो आणि सुट्टीच्या दिवशी प्शेमिशलच्या रेल्वे स्थानकावर स्वयंसेवक म्हणून जात असे. तिथे पॅडचा तुटवडा नव्हता. गरम सूप, लहान मुलांचे डायपर, मोबाइलचे सिमकार्ड आणि पॅड, सगळे एका लांब टेबलावर मांडलेले असे आणि टेबलामागे आम्ही तरुण पुरुष उभे असू. पहिले दोन दिवस पॅडची खोकी जवळपास तशीच राहिली. आम्ही आपसांत म्हणालो की, यांना गरज दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी एका स्वयंसेविकेने ती खोकी उचलून स्त्रियांच्या स्वच्छतागृहात नेऊन ठेवली, वरून एक कागद चिकटवला की ‘हवे तेवढे घ्या’. संध्याकाळी सगळी खोकी रिकामी होती. गरज पहिल्या दिवसापासून होती. पण ती माझ्यासमोर हात पुढे करून सांगायची नव्हती. त्यानंतर मी जिथे जिथे मदतीच्या कामाला गेलो, तिथे वाटप कोण करते, हे आधी विचारतो.

---

पाणवठा

पाऊलखुणा, अगदी खरे. छावणीत सामान कुटुंबप्रमुखाच्या हाती दिले जाते आणि तो बहुधा पुरुष असतो. पाळीचे संच पारदर्शक पिशवीत भरून दिल्यामुळे मुली ते घ्यायला आल्याच नाहीत, असेही मी पाहिले आहे. तोच संच झाकणाच्या बादलीत घालून दिला की प्रश्न मिटतो, कारण बादली घेऊन जाणाऱ्या मुलीकडे कोणी वळून पाहत नाही. आणि ती बादली पुढे घड्या भिजवायला, झाकून ठेवायला आणि पाणी आणायला वर्षभर उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस व रेड क्रेसेंट महासंघाने बुरुंडीतल्या ब्वागिरिझा छावणीत काँगोच्या निर्वासित स्त्रियांना असे संच देऊन पाहिले होते आणि नंतर त्यांनाच विचारले होते. बादली, साबण, चड्ड्या, दोरी आणि चिमटे ही पॅडच्या जोडीची सामग्री अशाच विचारण्यातून पक्की होत गेली.

---

नोंदवही

चड्ड्यांचा उल्लेख दोनदा आला, म्हणून विचारते. त्याही पाठवाव्या लागतात?

---

उत्तररात्र

नोंदवहीताई, पॅड चिकटवायचा कशाला? अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या मुलीकडे एक किंवा दोनच असतात, आणि एक धुतली की ती वाळेपर्यंत दुसरी लागते. माझ्या कमरेला वडिलांच्या पायजम्याची नाडी होती, ती त्याच कारणाने.

---

सांजसकाळ

माझी बहीण बौद्धिक दिव्यांग आहे. तिला पाळीत काय होते, ते सांगून कळत नाही. ती कपडे काढून टाकते, घाबरते, ओरडते. घरात, चार भिंतींत, सगळ्या सोयी असताना आईची त्या दिवसांत दमछाक होते. तंबूत अशी मुलगी असलेल्या आईचा विचार मी हा धागा वाचताना सतत करते आहे. संच बनवणाऱ्यांनी अशा मुलींसाठी मोठे पॅड आणि जादा कपडे वेगळे ठेवावेत, एवढेच सुचवते.

---

पाणवठा

सांजसकाळ, आपली सूचना महत्त्वाची आहे. स्फिअरच्या त्याच मानकात मल-मूत्रावर ताबा नसणाऱ्या व्यक्तींच्या साहित्याचाही समावेश केला आहे, पण प्रत्यक्षात ते सगळ्यांत शेवटी पोहोचते.

---

मोकळीवाट

एक प्रश्न. हे सगळे जर इतके माहीत आहे, तर पुन्हा पुन्हा तेच का घडते? सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये युद्ध पेटले आणि एक कोटीहून अधिक माणसे बेघर झाली. चाडच्या सीमेवर पोहोचलेल्या मुलींच्या मुलाखती वाचल्या, तर त्यांतही फाटक्या कापडाच्या आणि उघड्यावर बसण्याच्या त्याच कहाण्या आहेत.

---

शुश्रूषा

माहिती आणि वचने दोन्ही जुनी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २००१ मध्ये निर्वासित स्त्रियांना पाच वचने दिली, त्यांतले एक पाळीचे साहित्य नियमितपणे देण्याचे होते. २०१७ मध्ये कोलंबिया विद्यापीठ आणि इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी यांनी आणीबाणीतल्या पाळीविषयी एक सविस्तर मार्गदर्शिका तयार केली. तिच्यात कामाची तीन अंगे सांगितली आहेत : साहित्य, सोयी आणि माहिती. माझ्या मते अडचण अशी की, साहित्य एका विभागाकडे, शौचालये दुसऱ्याकडे आणि माहिती शाळा किंवा दवाखान्याकडे असते. प्रत्येकाला वाटते की, उरलेले काम दुसरा करतो आहे. निधी आटला की प्रथम कात्री लागते ती ज्याच्याविषयी कोणी मोठ्याने तक्रार करत नाही त्याला, आणि पाळीविषयी मोठ्याने तक्रार करणारी तेरा वर्षांची मुलगी मी अजून पाहिलेली नाही.

---

पाणवठा

आणि कचरा कोणाच्याच यादीत नसतो, हेही जोडतो. झाकणाचा डबा आत नसेल, तर पॅड शौचालयाच्या खड्ड्यात जातो. खड्डे वेळेआधी भरतात, उपसणाऱ्या पंपाची नळी तुंबते आणि मग शौचालयच बंद ठेवावे लागते. तेव्हा दोष मुलींना दिला जातो. एक डबा ठेवायचा आणि तो रोज रिकामा करायला एका बाईला रोजगार द्यायचा, एवढाच उपाय आहे.

---

नोंदवही

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी आम्ही सगळ्या जमलो आणि हा धागा वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचला. उत्तररात्रताईंच्या प्रतिसादापाशी थोडा वेळ कोणी बोलले नाही.

आमचे जे ठरले, ते सांगते. आम्ही इथून पॅडची खोकी पाठवणार नाही. छावणीत आधीपासून काम करणाऱ्या आणि स्त्री-कार्यकर्त्या असलेल्या गटालाच रोख रक्कम देऊ, म्हणजे जवळच्या बाजारातून जे मिळेल आणि मुली जे मागतील, ते त्यांना घेता येईल. त्यांना आम्ही चार प्रश्न लिहून पाठवले आहेत : पाणी माणशी किती मिळते, शौचालयाला आतून कडी आहे का, घड्या वाळवतात कुठे, आणि वाटप कोणाच्या हातून होते. दहा-बारा वर्षांच्या मुलींशी पहिल्या पाळीआधी कोणी बोलते का, हे आमच्यातल्या एकीने पाचवा प्रश्न म्हणून घातले. मोकळीवाट, रकमेतला काही भाग अन्नासाठी ठेवण्याची आपली सूचनाही आम्ही घेतली आहे. तो मुलींच्या लोहाच्या गोळ्या आणि पोषक आहार यांसाठी राहील.

उत्तररात्रताई, अजून एक विचारू का? आज मागे वळून पाहताना, त्या नऊ दिवसांत तुम्हाला एकच वस्तू मिळाली असती, तर ती कोणती असावी असे वाटते?

---

उत्तररात्र

बराच विचार केला. आधी वाटले, विजेरी. रात्री त्या चरापर्यंत जाता आले असते. मग वाटले, साबण.

पण खरे सांगायचे, तर मला कुवेत सोडण्याआधी कोणीतरी पाच मिनिटे शेजारी बसून सांगायला हवे होते की, हे असे होणार आहे आणि हा आजार नाही. परकर आईने तरीही फाडला असता, वाळू तरीही टोचली असती. पण त्या दिवशी दुपारपर्यंत मी तंबूच्या खांबाला टेकून, माझ्यामुळे आईबाबांना विमान मिळणार नाही, असा जो हिशेब करत बसले होते, तो मला करावा लागला नसता.

आपल्या पाचव्या प्रश्नाचे उत्तर आले की इथे जरूर कळवा.